नाना, मियाटा आणि ब्रेक ऑइल

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही. एक विषय होता, पण तो लिहायचा टाळत होतो, आणि तो टाळायचा म्हणून बाकीचेही टळत गेले. तर आज तो लिहूनच टाकतो.

निमित्त भाच्याचं. पुण्याच्या ताईच्या मुलानं सेकंडहँड पोलो घेतलीय. परवा त्यानं गाडीच्या बुडाचा फोटो पाठवला. नवाकोरा, चकचकीत सायलेन्सर. खाली लिहिलं होतं, "मामा, डिसेंबरात मित्रांबरोबर कोइमतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डेला जायचा विचार आहे. अजून काय काय बसवू?" मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. कारण अगदी असाच फोटो मी २०१८ साली नानांना पाठवला होता, आणि नानांनी त्यावर "आवाज किती?" एवढंच विचारलं होतं.

ताई, तूही हे वाचतेस हे मला माहीत आहे. वाच, पण मध्येच सोडून मला फोन करू नकोस. आणि आईला दाखवू नकोस.

मला गाड्यांचं वेड नानांकडून आलं असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे नानांना गाड्यांचं वेड कधीच नव्हतं. ते एस.टी.त मेकॅनिक, कोकणातल्या एका डेपोत. गाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सकाळी साडेपाचला डेपोच्या फाटकातून बाहेर पडलीच पाहिजे असं एक काम. ती सुंदर आहे का, वेगवान आहे का, हे प्रश्नच नव्हते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकाजवळ ते हाताची पाठ नेत, लावत नसत, नुसती जवळ नेत, आणि ड्रायव्हर गियरात उतरला की सगळा भार ब्रेकवर टाकून आला ते सांगत. लहानपणी मला ही जादू वाटायची.

माझी गाडी म्हणजे १९९९ सालची माझदा मियाटा. बाकीच्या जगात हिला एमएक्स-५ म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. दोन सीटं, उघडणारा टप, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. १.८ लिटरचं इंजिन, १४० हॉर्सपॉवर. म्हणजे इथं आया मुलांना शाळेत सोडायला ज्या गाड्या नेतात त्यांच्याहून कमीच. पण वजन साधारण १०५० किलो, आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं. मला खरं तर पहिल्या पिढीतली हवी होती, डोळे उघडल्यासारखे दिवे वर येणारी. मिळाली दुसऱ्या पिढीतली. हिरवी, साडेचार हजार डॉलरला. बायको म्हणाली, "निदान रंग तरी बरा आहे."

घेतल्या घेतल्या काय केलं असेल? सायलेन्सर बदलला. मग एअर इनटेक. मग हलकी चाकं, कारण जुनी फारच गरीब दिसत होती. मग गियरचा गोळा, ॲल्युमिनियमचा. तो उन्हात इतका तापतो की हात लावता येत नाही, तरी बसवला. सायलेन्सरनं तीन-चार हॉर्सपॉवर वाढली असेल किंवा नसेल, शेजारचं कुत्रं मात्र मला दुरून ओळखायला लागलं. या सगळ्यावर मी दोन हजार डॉलरच्या वर खर्च केला आणि गाडी होती तेवढीच वेगवान राहिली.

सुरक्षिततेचं म्हणून एकच काम केलं, रोल बार, आणि तेही सक्तीचं होतं म्हणून. उघड्या टपाच्या गाडीला बहुतेक ठिकाणी त्याशिवाय ट्रॅकवर सोडतच नाहीत. तो पुरेसा उंच आहे की नाही हे बघायची पद्धत मोठी घरगुती आहे. लांब दांड्याचा झाडू घ्यायचा, त्याचं एक टोक रोल बारच्या माथ्यावर आणि दुसरं पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर ठेवायचं. हेल्मेट घालून बसलेल्या माणसाचं डोकं त्या दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे. मी पास झालो, उंची कमी असल्याचा आयुष्यात झालेला हा पहिला फायदा. हेल्मेटही ठरावीक दर्जाचं लागतं. मोटारसायकलचं चालत नाही, मोटारशर्यतीच्या हेल्मेटची आगीचीही चाचणी झालेली असते. हा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेला स्नेल असं नाव आहे. पीट स्नेल नावाचा एक हौशी शर्यतपटू १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातच आर्केटाला शर्यतीत गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण ते टिकलं नाही. त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी पुढच्या वर्षी ही संस्था काढली. हे सगळं मी मोठ्या आवडीनं वाचलं होतं, मित्रांना सांगतही होतो. सांगायचा मुद्दा, माहिती माझ्याकडे कमी नव्हती.

आता मुख्य गोष्ट.

मे २०१९. थंडरहिल नावाचा ट्रॅक आहे, विलोज गावाच्या बाहेर, सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात. आमच्या फ्रीमाँटहून अडीच तास. पूर्वेकडचा ट्रॅक साधारण तीन मैलांचा, पंधरा वळणांचा. ही शर्यत नसते. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात, आपल्या कुवतीप्रमाणे गट पाडतात, आणि नवशिक्यांच्या शेजारी एक इन्स्ट्रक्टर बसतो. हे इन्स्ट्रक्टर पैशासाठी येत नाहीत, हौशीनं येतात. अनोळखी माणसाच्या अनोळखी गाडीत डावीकडे स्टिअरिंग त्याच्या हातात देऊन आपण उजवीकडे बसायचं, याला हौस म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा.

जायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो. टायर ठीक आहेत का, चाकांचे नट आवळलेत का, बॅटरी पक्की आहे का, असे पंचवीसएक चौकोन. त्यात एक: ब्रेक ऑइल गेल्या सहा महिन्यांत बदललं आहे का?

मी त्यावर बरोबरची खूण केली.

बदललेलं नव्हतं. म्हणजे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायला जागा आहे. फेब्रुवारीत मी एका गॅरेजात नवे ब्रेक पॅड घालून घेतले होते, आणि "ब्रेकचं काम झालंय" एवढं डोक्यात होतं. बिल फाइलमध्ये होतं. फाइल हाताच्या अंतरावर होती. बिलावर फक्त पॅड आणि मजुरी आहे, कारण मी तेवढंच सांगितलं होतं. फाइल उघडायला अर्धा मिनिट लागलं असतं. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पहाटे चारला निघायचं होतं, आणि मनात कुठेतरी हेही होतं की बदललेलं नसलं तर काय करणार? जाणं रद्द? म्हणून न बघता खूण केली आणि खाली सही ठोकली.

माझा इन्स्ट्रक्टर साठीतला, बोलायला कमी. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला. पहिल्या दोन पाळ्या छान गेल्या. तिसरी दुपारी दीडला, खोऱ्यातलं ऊन टोकाला. मी आदल्या खेपेला २ मिनिटं ३१ सेकंदांत फेरी मारली होती आणि आज २:२० च्या खाली जायचंच असं ठरवलं होतं. घड्याळ लावायला नवशिक्यांना मनाई असते, कारण घड्याळ लावलं की माणूस माझ्यासारखा वागतो. माझ्या खिशात फोनवर ते चालू होतं.

चौथ्या फेरीला पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. मला कळलं. इन्स्ट्रक्टरनं माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "लांब लागतंय का?" मी म्हणालो, "नाही, ठीक आहे."

मागच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी चौदावं वळण येतं. तिथं माझी गाडी ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरला पोचते, आणि वळणात शिरायच्या आत तो वेग निम्म्यावर आणावा लागतो. पाय दाबला. पेडल नुसतं खाली गेलं, पार गाडीच्या तळाला टेकलं, जसं त्याला काही जोडलेलंच नव्हतं.

यानंतरचे तीन-चार सेकंद मला सलग आठवत नाहीत. मी पेडल पटापट दोन-तीनदा मारलं, थोडा ब्रेक लागला, तिसरा गियर टाकला, गाडी किंचाळली. शेजारून अगदी शांत आवाजात "सरळ, सरळ, वळवू नको" असं ऐकू आलं. मी वळवली नाही. डांबर संपलं, खडखडाट झाला, धुळीनं काही दिसेना, आणि मग गाडी वाळलेल्या गवतात हळूहळू थांबली. वळवली असती तर उलटली असती असं मी म्हणणार नाही, कुणास ठाऊक. पण त्या माणसाचा उजवा हात दाराच्या कडीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती, ते मी बघितलं.

तो पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "गवतात उभं राहू नको, खालचा सायलेन्सर तापलेला आहे, गवत पेटेल." पहिल्या गियरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं आम्ही बाहेर आलो.

जागेवर आल्यावर त्यानं बॉनेट उघडायला लावलं. ब्रेक ऑइलची पांढुरकी प्लास्टिकची डबी असते, आतलं ऑइल बाहेरून दिसतं. त्यानं ती बघितली. विचारलं, "कधी बदललंस?"

"नवीन आहे," मी म्हणालो. म्हणजे दुसऱ्यांदा. या वेळी मात्र बघून, डबीतला कोऱ्या चहाचा रंग समोर असताना.

तो "आजच्यापुरतं बस्स" म्हणाला आणि गेला. मी वर आणि हँडब्रेक ओढून ठेवला होता. तापलेल्या ब्रेकवर तोही ओढायचा नसतो, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला अडण लावायची असते. खिशातला फोन काढला. आधीच्या फेरीची वेळ २:१९.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, "गाडी जरा गरम झाली म्हणून लवकर निघालो." हे तसं खोटंही नव्हतं.

काय झालं होतं ते आता मला पाठ आहे, तेव्हाही पुस्तकी माहीत होतं. थोडा हिशेब सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. गाडी आणि दोन माणसं मिळून १२०० किलो. १६० चा वेग ८० वर आणायचा तर जी ऊर्जा काढून टाकावी लागते ती सुमारे ८ लाख ९० हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेत साधारण पावणेतीन लिटर पाणी उकळतं, म्हणजे पंधरा-अठरा कप चहा. घरच्या शेगडीवर त्याला दहा मिनिटं लागतात, इथं हे तीनएक सेकंदांत, चार लोखंडी थाळ्यांवर, त्यातही बहुतेक पुढच्या दोनांवर. आणि दर फेरीत असे चार-पाच ब्रेक, वीस मिनिटं. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. ऑइल म्हणतो आपण, पण ते तेल नव्हे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड मऊ पडतात तसं. साधं डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलेलं असलं की १४० ला उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो, वाफ मात्र आरामात दाबली जाते. आपण पेडल मारतो आणि बुडबुडे चेपतो.

पॅड जळून ब्रेक जातो तो वेगळा प्रकार. त्यात पेडल दगडासारखं घट्ट असतं पण गाडी थांबत नाही, आणि वास येतो, म्हणजे काहीतरी सूचना तरी मिळते. ऑइलचा प्रकार पेडल दोन बोटं खाली जाऊन एकदाच सांगतो. मला सांगितलं होतं.

जूनमध्ये नाना आणि आई आले, सहा महिन्यांसाठी. नानांना इथं काय काम? सकाळी फिरून आले की गॅरेजात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी चाकं काढत होतो. नाना वाकून खाली बघत होते. मग त्यांनी हात घातला आणि सस्पेन्शनच्या सांध्यातून वाळलेल्या गवताची एक काडी ओढून काढली. मग दुसरी. हातावर घेऊन बघितली.

"रस्ता सोडला होतास?"

मी म्हणालो, "हो. थोडासा."

"वळणात का सरळ?"

"सरळ."

"ब्रेक?"

एवढं बोलणं झालं आणि मागं कपड्यांच्या ड्रायरचं दार आपटलं. आमच्याकडे ड्रायर गॅरेजातच आहे. बायको टोपली घेऊन उभी होती.

मग सगळं सांगितलं. फॉर्मपासून. नाना मध्ये काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं ते ऑइलबद्दल विचारतील, कुठलं, किती जुनं. त्यांनी विचारलं, "शेजारी बसलेल्या माणसाला घरी कोण आहे?" मला माहीत नव्हतं. बायकोनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "सही तुझीच ना?" आणि आत गेली. त्या दिवशी जेवताना आईला कळेना की सगळे एवढे गप्प का.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नाना साडेसहालाच गॅरेजात. म्हणाले, "सुनबाईला बोलाव. पेडलवर तीच बसेल. तुला कळू दे पेडल दुसऱ्याच्या पायाखाली असलं की कसं वाटतं." बायको आली, सपाता घालून, चेहरा तसाच.

मी मोटुलचं आरबीएफ ६०० आणून ठेवलं होतं, कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत न उकळणारं. नानांनी बाटलीवरचा आकडा दोनदा वाचला. एस.टी.ला हवेचे ब्रेक, पण डेपोच्या जीपला ऑइलचे असायचे, त्यामुळे पद्धत त्यांना पाठ. नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. नाना सवयीनं म्हणाले, "मागचं डावं." मग बॉनेटखाली बघून थांबले. इथं स्टिअरिंग डावीकडे, सिलिंडर डावीकडे. "तुमच्याकडं सगळंच उलटं. मागचं उजवं घे."

त्यांनी अजून एक गोष्ट केली जी मी कुठल्याच व्हिडिओत बघितली नव्हती. पेडलच्या खाली एक लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे पेडल पार तळापर्यंत जाऊ नये. जुन्या सिलिंडरात आतला रबर रोज जेवढा सरकतो त्याच्या पुढच्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. पेडल तळाला नेलं की रबर त्यावरून घासतो आणि फाटतो. ऑइल बदललं म्हणून ब्रेक गेला, असं व्हायला नको. "आणि तू तर एकदा नेलंच आहेस तळाला," नाना म्हणाले. तो सिलिंडर मी पुढच्या महिन्यात बदलून टाकला.

मी चाकाशी पाना घेऊन, कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बरणीत. नाना डबीवर, ती रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर आत हवा शिरते आणि पहिल्यापासून सगळं. "दाब." "दाबलं." "धर." मी निपल सैल करतो, काळपट ऑइल सर्रकन येतं. घट्ट. "सोड." पुन्हा. साधारण दहाव्या खेपेला नळीतून मधासारखं स्वच्छ ऑइल यायला लागलं. पुढच्या उजव्या चाकाला मात्र बारीक बारीक बुडबुडे आले, साबूदाण्यासारखे. बायको उतरून बघायला आली. बराच वेळ नळीकडे बघत होती. "एवढेसे?" म्हणाली.

चार चाकं होईपर्यंत तिच्या पायाला गोळे आले होते. शेवटी नानांनी तिला विचारलं, "घट्ट लागतंय का?" ती म्हणाली, "दगडासारखं." नानांनी मला विचारलंच नाही.

मग त्यांनी माझ्याकडून कागदी चिकटपट्टी मागून घेतली, त्यावर पेननं तारीख लिहिली आणि डबीवर लावली. डेपोत असंच करायचे म्हणे. तारीख गाडीवर पाहिजे, फाइलमध्ये नको.

इन्स्ट्रक्टरला मेल लिहायला मला अजून आठ दिवस लागले. बायको रोज संध्याकाळी विचारायची, "लिहिलं?" लिहिलं तेव्हा चार ओळींचंच झालं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं: मला डबी बघूनच कळलं होतं, आता कुठलं घातलंस? पुढच्या खेपेला तो पुन्हा माझ्या शेजारी बसला. पण बसायच्या आधी त्यानं बॉनेट उघडायला लावलं आणि पट्टीवरची तारीख स्वतः वाचली. देवनागरी आकडे त्याला वाचून दाखवावे लागले :-) पुढच्या पाळीलाही उघडायला लावलं. त्याच्यानंतरच्याही. मी एकदाही कुरकुर केली नाही.

त्यानंतर गाडीवर बरीच कामं झाली, आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेची आहेत. उष्णता सोसणारे पॅड घातले. ते थंड असताना धड धरत नाहीत आणि सिग्नलला बकरीसारखे ओरडतात, म्हणून ट्रॅकला जायच्या आदल्या रात्री घालायचे आणि आल्यावर काढायचे. पुढच्या बंपरमधून डिस्कपर्यंत हवेच्या नळ्या ओढल्या. नळ्या म्हणजे ड्रायरला असते तसलीच घडीची नळी, फक्त उष्णता सोसणारी.

इंजिनच्या पाण्याची वाट बदलली, ही गंमत सांगण्यासारखी आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या ३२३ सारख्या, आडवं इंजिन असणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेलं. मियाटात ते उभं बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट पुढच्या बाजूला आली, पंपही तिथंच. त्यामुळे पाण्याला पुढूनच परत फिरायची सोय झाली आणि मागचं चौथं सिलिंडर सगळ्यात जास्त तापतं. रस्त्यावर याचं काही बिघडत नाही. ट्रॅकवर बिघडतं. आणि डॅशबोर्डचा काटा तुम्हाला ते सांगत नाही, कारण तो मुद्दाम असा केलाय की बऱ्याच अंशांच्या फरकात मध्यावरच राहावा, लोकांनी उगीच घाबरू नये म्हणून. मी वेगळा, खरे आकडे दाखवणारा मीटर लावला. पहिल्याच दिवशी घाबरलो.

वेग कशानं वाढला म्हणाल तर टायर आणि अलाइनमेंट. पुढच्या चाकांचा माथा आतल्या बाजूला तीन अंश कलता करून घेतला. वळणात गाडी झुकते तेव्हा टायर सपाट टेकावा म्हणून. नाहीतर बाहेरची कड झिजून जाते आणि आतली कोरी राहते. या कामाचे दीडशे डॉलर, आणि फेरीमागे जवळजवळ दोन सेकंद. सायलेन्सरच्या पैशात अशी चार-पाच अलाइनमेंट झाली असती. चार पट्ट्यांचे शर्यतीचे बेल्ट मात्र मी अजून लावलेले नाहीत. मित्र लाव म्हणतात. पण ते बेल्ट, त्यांना साजेशी सीट आणि मानेचा आधार हे सगळं एकत्र लागतं. अर्धवट बसवण्यापेक्षा कंपनीचा बेल्ट बरा. पैसे साठले की सगळं एकदम.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाकडे येतो. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिनचं वजनही पुढे, म्हणजे पुढच्या ब्रेकवर माझ्याहून जास्त भार. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, म्हणजे एका ब्रेकपासून दुसऱ्या ब्रेकपर्यंत गार व्हायला वेळ कमी. पुण्यातल्या चार पावसाळ्यांत तुझ्या त्या डबीत काय साठलंय हे आधीच्या मालकालाही माहीत नसेल. चार पाळ्या झाल्या की शेवटची फेरी ब्रेक न मारता हळू मारायची, हँडब्रेक ओढायचा नाही. पेडल बोटभर जरी खाली गेलं तरी हात वर करून बाहेर यायचं, शेजारी कुणी असो वा नसो. आजोबा चिपळूणहून दिवाळीला तुमच्याकडे येणार आहेत ना? त्यांना खाली पार्किंगमध्ये घेऊन जा. लाकडी ठोकळा शोधून ठेव. पेडलवर तुझ्या आईला बसव.

आणि ते झालं की त्या पट्टीचा फोटो पाठव. सायलेन्सर मी बघितला, छान आहे.